वाचक विचारतात : कॉलेज बास्केटबॉलमधील थोर घराणी

गेल्या अंकात अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलवर जो लेख आला होता, त्यात काही विद्यापीठांचा उल्लेख ‘थोर परंपरेची’ असा झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांतून बहुतेक वाचकांनी निरनिराळ्या अंगांनी एकच गोष्ट विचारली आहे, ती म्हणजे ही थोरवी ठरवायची कशावरून? त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : केंटकी, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, यूसीएलए (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांना तिकडे ‘ब्लू ब्लड’, म्हणजे खानदानी, म्हणतात. ज्याची विजेतेपदे जास्त तो मोठा, असा सरळ हिशेब का करत नाहीत?

उत्तर : तो हिशेब करतात आणि करायलाही हवा. एनसीएए ही कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था १९३९पासून पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा भरवत आली आहे. पहिल्या वर्षी आठ संघ होते आणि ओरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असे हरवून विजेतेपद मिळवले होते. तेव्हापासून २०२५पर्यंतची विजेतेपदे मोजली तर यूसीएलएची ११, केंटकीची ८, नॉर्थ कॅरोलायना आणि कनेक्टिकट यांची प्रत्येकी ६, ड्यूक आणि इंडियाना यांची प्रत्येकी ५ आणि कॅन्ससची ४ भरतात. हे आकडे बाजूला ठेवून कोणाला थोर ठरवता येणार नाही. मात्र नुसते आकडे मांडून थांबलो, तर ज्याला थोर म्हणायचे ती वस्तू नेमकी कोणती, हेच निसटते.

अमेरिकेत अशा वेळी ‘टीम’ न म्हणता ‘प्रोग्रॅम’ म्हणतात, आणि या दोन शब्दांत मोठा फरक आहे. कॉलेजचा खेळाडू साधारणपणे चार मोसम खेळतो आणि निघून जातो, म्हणजे संघ दर चार वर्षांनी मुळापासून नवा होतो. मागे उरते ती प्रशिक्षकांची परंपरा, खेळण्याची रीत, क्रीडागृह, पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक, माजी खेळाडूंचा गोतावळा आणि शाळेतल्या गुणी मुलाला आपण तिथेच जावे असे वाटायला लावणारे नाव. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘घराणे’ हाच आहे, कारण घराण्यात गाणारा बदलतो पण गायकी टिकते. म्हणून माझी कसोटी अशी आहे की ज्या माणसाने यश मिळवून दिले तो माणूस गेल्यावर, आणि ज्या नियमांखाली ते मिळाले ते नियम बदलल्यावरही, यश परत त्याच दाराशी येते का?

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे उदाहरण घ्या. बिल रसेलसारखा असामान्य खेळाडू लाभलेल्या या संघाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली आणि सलग साठ सामने जिंकले. पुढे नियमभंगाची प्रकरणे इतकी वाढली की १९८२मध्ये विद्यापीठाने स्वतःहून बास्केटबॉलच बंद केले. १९८५मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तरी जुना दरारा काही परतला नाही. त्या दोन वर्षांचा संघ थोर होता याबद्दल दुमत नाही, पण घराणे उभे राहिले नाही.

याच्या उलट केंटकी. एडॉल्फ रप यांनी १९३०पासून १९७२पर्यंत तेथे प्रशिक्षण दिले, ८७६ सामने जिंकले आणि १९४८, १९४९, १९५१ व १९५८ अशी चार विजेतेपदे आणली. रप गेल्यावर गाडी थांबायला हवी होती, असे कोणालाही वाटेल. पण १९७८मध्ये जो हॉल, १९९६मध्ये रिक पिटिनो, १९९८मध्ये टबी स्मिथ आणि २०१२मध्ये जॉन कॅलिपारी या चौघांनी प्रत्येकी एक विजेतेपद मिळवले. पाच निरनिराळ्या प्रशिक्षकांच्या हातून विजेतेपद मिळवण्याचा हा पराक्रम मला त्या आठ या आकड्याहून मोठा वाटतो. हॉल हे रप यांचे साहाय्यक होते, पण पिटिनो अगदी वेगळ्या पठडीतले, पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला कोंडून धरणारे. आणि कॅलिपारी यांनी तर एकाच वर्षात व्यावसायिक खेळाकडे जाणाऱ्या कोवळ्या मुलांचा संघ बांधला. रीत प्रत्येक वेळी बदलली, पण केंटकी विद्यापीठाच्या लेक्सिंग्टन शहराची अपेक्षा बदलली नाही.

मात्र थोरवी मान्य करताना तिच्यावरचा डागही सांगितला पाहिजे. १९६६च्या अंतिम सामन्यात रप यांचा सर्व गोऱ्या खेळाडूंचा संघ टेक्सस वेस्टर्नकडून ७२-६५ असा हरला. टेक्सस वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी त्या दिवशी सुरुवातीला उतरवलेले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते, आणि अंतिम सामन्यात असे प्रथमच घडत होते. केंटकीच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला त्यानंतरही १९७०-७१चा मोसम उजाडावा लागला. घराण्याचा इतिहास मोठा म्हणायचा, तर त्यात हे पानही ठेवावे लागते.

प्रश्न : यूसीएलएने बारा वर्षांत दहा विजेतेपदे जिंकली. त्या काळी स्पर्धा सोपी होती म्हणून हे शक्य झाले, असे वाचले. ते कितपत खरे आहे?

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे नीट समजून घेण्यासारखे आहे. १९७५च्या आधी एका विभागीय संघटनेतून, म्हणजे ज्याला तिकडे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात त्यातून, एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकत असे. त्यामुळे चांगले चांगले संघ घरी बसत. १९७४मध्ये मेरीलँडचा उत्तम संघ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून जादा वेळेत १०३-१०० असा हरला आणि तेवढ्यावर त्याचा राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता बंद झाला. या सामन्याचा बोलबाला इतका झाला की पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची करून एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघालाही जागा देण्यात आली. यूसीएलएला पहिली नऊ विजेतेपदे मिळवताना दर वर्षी चार सामने जिंकावे लागले. १९८५मध्ये स्पर्धा चौसष्ट संघांची झाली तेव्हापासून सहा सामने जिंकावे लागतात, आणि बाद पद्धतीत दोन सामने वाढणे म्हणजे घसरण्याच्या दोन जागा वाढणे. शिवाय त्या काळी संघांची वाटणी भौगोलिक विभागांनुसार होत असल्यामुळे पश्चिमेकडच्या यूसीएलएची पूर्वेकडच्या आणि मध्य भागातल्या बड्या संघांशी गाठ शेवटच्या टप्प्यावरच पडे.

इथपर्यंत आक्षेप बरोबर आहे. पण हीच सवलत पश्चिमेकडच्या इतर सगळ्या संघांनाही होती आणि त्यांतल्या कोणाला तिचा असा उपयोग करता आला नाही. १९६७ ते १९७३ अशी सलग सात वर्षे विजेतेपद राखणे, १९७१ ते १९७४ या काळात सलग ८८ सामने जिंकणे, हे केवळ सोप्या वाटचालीने होत नाही. प्रशिक्षक जॉन वुडन १९४८मध्ये यूसीएलएमध्ये आले आणि त्यांचे पहिले विजेतेपद १९६४मध्ये आले, हे लक्षात घेतले की त्या डोलाऱ्याखालचा पाया दिसू लागतो. इतकी वर्षे विजेतेपदाशिवाय त्यांना काम करू देणारे विद्यापीठ होते, ही गोष्टसुद्धा त्या पायाचाच भाग आहे.

वुडन यांच्या शिकवण्याचा एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. मोसमाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना चेंडू देत नसत, तर मोजे कसे घालायचे आणि बुटांची नाडी कशी बांधायची ते शिकवत. मोजा बोटांपाशी आणि टाचेपाशी नीट ओढून त्यावरून हात फिरवायचा, एकही सुरकुती राहू द्यायची नाही. कारण सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. देशातील सर्वांत नावाजलेली मुले शाळेतून निवडून आणायची आणि त्यांना खाली बसवून मोज्यापासून सुरुवात करायची, यातच ती रीत दिसते. त्याच रीतीत तयार झालेल्या बिल वॉल्टन यांनी १९७३च्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटविरुद्ध २२ वेळा चेंडू बास्केटकडे टाकला, त्यांतील २१ वेळा तो आत गेला आणि त्यांचे एकूण ४४ गुण झाले.

तरीही माझ्या कसोटीवर यूसीएलए पूर्ण उतरते का? येथे मी थोडा अडखळतो. १९७५मध्ये वुडन निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टो यांनी दोन मोसमांत ५२ सामने जिंकले, फक्त ९ गमावले, पहिल्याच वर्षी संघाला शेवटच्या चार संघांत नेले, आणि तरीही अपेक्षांच्या ओझ्याखाली त्यांनी ते पद सोडले. त्यानंतर आजवर एकच विजेतेपद आले, १९९५मध्ये जिम हॅरिक यांच्या हाताखाली. २००६, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ तीन वर्षे संघ शेवटच्या चारांत पोहोचला, २०२१मध्येही पोहोचला, म्हणजे घर ओस पडलेले नाही. पण अकरांपैकी दहा विजेतेपदे एकाच माणसाची आहेत, हे वास्तव यूसीएलएच्या थोरवीच्या आड येते, असे माझे मत आहे. शिखराची उंची मोजायची असेल तर यूसीएलएच्या जवळपास कोणी नाही. टिकाऊपणा मोजायचा तर केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायना पुढे आहेत.

प्रश्न : कॅन्ससची विजेतेपदे चारच आहेत. इंडियानाची पाच असून ते नाव आज मागे पडले आणि कॅन्सस मात्र अग्रगण्य मानले जाते. हा न्याय कसा?

उत्तर : कॅन्ससचे उत्तर वंशावळीत आहे. डिसेंबर १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून एक खेळ रचला, पीचच्या दोन टोपल्या भिंतीच्या सज्जाला टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हेच नेस्मिथ १८९८मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. ज्याने खेळ निर्माण केला, तोच कॅन्ससच्या प्रशिक्षकांपैकी विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला एकमेव प्रशिक्षक आहे.

नेस्मिथ यांच्या हाताखाली खेळलेले फॉग ॲलन पुढे कॅन्ससचे प्रशिक्षक झाले आणि बास्केटबॉलचे प्रशिक्षण ही स्वतंत्र विद्या आहे हे त्यांनी दाखवून दिले. ॲलन यांच्या हाताखाली १९२०च्या आसपास एडॉल्फ रप खेळले आणि त्यांनी जाऊन केंटकी उभे केले. ॲलन यांच्याच १९५२च्या विजेत्या संघात डीन स्मिथ नावाचा एक राखीव खेळाडू होता. त्यांनी जाऊन नॉर्थ कॅरोलायनाला छत्तीस वर्षे घडवले. स्मिथ यांच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात खेळलेले लॅरी ब्राउन कॅन्ससला प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी १९८८चे विजेतेपद मिळवले. स्मिथ यांचे साहाय्यक रॉय विल्यम्स पंधरा वर्षे कॅन्ससमध्ये होते, आणि मग नॉर्थ कॅरोलायनाला परतून त्यांनी २००५, २००९ व २०१७ अशी तीन विजेतेपदे आणली. कॅन्ससला २००८ आणि २०२२ची विजेतेपदे मिळवून देणारे बिल सेल्फ हे ब्राउन यांचेच एके काळचे साहाय्यक. म्हणजे या खेळातील तीन थोर घराण्यांची मुळे कॅन्सस विद्यापीठाच्या लॉरेन्स नावाच्या लहानशा शहरात एकमेकांत गुंतलेली आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांत कॅन्ससला पूर्णवेळ प्रशिक्षक झाले फक्त आठ. एवढ्या काळात राष्ट्राध्यक्ष किती झाले ते मोजले, तर या आठ आकड्याचे महत्त्व कळेल.

शिवाय सातत्य आहे. २००५ ते २०१८ या काळात कॅन्ससने आपल्या बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे विजेतेपद सलग चौदा मोसम जिंकले किंवा विभागून घेतले. राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची असते आणि एका वाईट रात्रीत वर्षाची मेहनत वाहून जाऊ शकते. पण कॉन्फरन्सचे विजेतेपद सगळा हिवाळाभर, परक्या मैदानांवर जाऊन, दर आठवड्याला मिळवावे लागते. माझ्या लेखी या चौदा मोसमांचे वजन एका राष्ट्रीय विजेतेपदाहून कमी नाही. १९५५मध्ये उघडलेल्या ॲलन फील्डहाउस या क्रीडागृहाचाही यात वाटा आहे. पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षक, सामन्याच्या शेवटी एका सुरात संथपणे म्हटली जाणारी ‘रॉक चॉक, जेहॉक’ ही घोषणा, आणि शेजारच्याच इमारतीत जतन केलेले नेस्मिथ यांचे मूळ तेरा नियम. ते दोन टंकलिखित कागद २०१०मध्ये एका माजी विद्यार्थ्याने लिलावात ४३ लाख डॉलरना घेतले, ते विद्यापीठात आणण्यासाठीच.

इंडियानाबद्दल मला वाईट वाटते. १९७६मध्ये बॉब नाइट यांच्या संघाने ३२ सामने खेळून एकही गमावला नाही, आणि त्यानंतर पुरुषांच्या गटात २०२५पर्यंत कोणत्याही विजेत्याला पूर्ण मोसम अपराजित राहता आलेले नाही. परंतु शेवटचे विजेतेपद १९८७चे आहे आणि अंतिम सामना २००२चा. आज कॉलेजात येणारा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. आठवणीच्या बळावर नाव बराच काळ चालते, पण कायमचे चालत नाही.

प्रश्न : एकही विजेतेपद नसलेला संघ थोर म्हणता येईल का? गोन्झागाबद्दल विचारतो आहे.

उत्तर : थोर नाही, पण आदरणीय नक्कीच. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील हे लहान विद्यापीठ १९९९पासून २०२५पर्यंत झालेल्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत आहे. २०१७ आणि २०२१ अशा दोन वर्षी त्यांनी अंतिम सामना गमावला. २०२१मध्ये तर ते ३१ विजय आणि शून्य पराभव घेऊन मैदानात उतरले होते आणि बेलरने त्यांना ८६-७० असे हरवले. विजेतेपद आले तरी खरी परीक्षा प्रशिक्षक मार्क फ्यू निवृत्त झाल्यावरच होईल, कारण या कालखंडातील पहिले वर्ष सोडले तर सगळे काम त्यांचे आहे.

प्रश्न : ड्यूक म्हणजे प्रशिक्षक माइक शेशेव्स्की, असेच चित्र दिसते. आणि कनेक्टिकटची सगळी विजेतेपदे १९९९पासूनची आहेत. मग या दोघांना जुन्या घराण्यांच्या पंक्तीत बसवावे का?

उत्तर : ड्यूकची पाचही विजेतेपदे, १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५, शेशेव्स्की यांचीच आहेत हे खरे. १९८०मध्ये ते आले, तिसऱ्या मोसमात ११ विजय आणि १७ पराभव अशी अवस्था झाली, त्यांना काढा अशी ओरड सुरू झाली, आणि विद्यापीठ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २०२२मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा कारकिर्दीतील विजयांची संख्या १२०२ झाली होती. पण त्यांच्या आधी ड्यूक शून्य होते असे नाही. विक बूबस यांच्या संघांनी १९६०च्या दशकात तीनदा शेवटच्या चारांत मजल मारली होती, आणि १९७८मध्ये ड्यूक अंतिम सामना खेळले होते. शेशेव्स्की यांचेच माजी खेळाडू जॉन शायर यांनी सूत्रे हाती घेतल्यावर २०२५मध्ये संघ पुन्हा शेवटच्या चारांत पोहोचला. परीक्षा अजून संपलेली नाही, तरी सुरुवात चांगली आहे.

कनेक्टिकटविषयी मात्र माझ्या मनात शंका उरलेली नाही. जिम कॅलहून १९८६मध्ये आले, पहिल्या मोसमात ९ सामने जिंकले आणि १९ हरले. तेथून त्यांनी १९९९, २००४ आणि २०११ अशी तीन विजेतेपदे मिळवली. खेळाडूंची शैक्षणिक प्रगती निकषांना उतरली नाही म्हणून २०१३मध्ये संघाला राष्ट्रीय स्पर्धेतून वगळले गेले, ही लाजिरवाणी गोष्टही नोंदवली पाहिजे. पुढच्याच वर्षी केव्हिन ऑली यांनी विजेतेपद आणले, मग पडझड झाली, आणि २०१८मध्ये आलेल्या डॅन हर्ली यांनी २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे जिंकली. या दोन वर्षांतले राष्ट्रीय स्पर्धेचे बाराही सामने त्यांनी दहापेक्षा जास्त गुणांच्या फरकाने जिंकले. तीन प्रशिक्षक, दोनदा मोठी घसरण आणि दोन्ही वेळा पुन्हा शिखर: घराणे म्हणतात ते याहून निराळे काय असते? पूर्वजांचे वय कमी आहे म्हणून त्यांना पंक्तीबाहेर ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : या चर्चेत महिलांचे संघ का दिसत नाहीत?

उत्तर : ही आपली तक्रार रास्त आहे. एनसीएएने महिलांची स्पर्धा सुरू केली तीच मुळी १९८२मध्ये, म्हणजे पुरुषांच्या नंतर ४३ वर्षांनी. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२मध्ये झाला, त्यानंतर कुठे विद्यापीठांना महिलांच्या खेळावर पैसा खर्च करावा लागला. पॅट समिट १९७४मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी टेनेसीच्या प्रशिक्षक झाल्या, तेव्हा खेळाडूंचे गणवेश त्या स्वतः धूत आणि परगावी सामना असला की गाडीही स्वतः चालवत. त्या गाडीपासून सुरू झालेला प्रवास ३८ मोसम, १०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे इथवर पोहोचला. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी मिळवली, याचा त्यांना विजेतेपदांइतकाच अभिमान होता.

कनेक्टिकटच्या महिला संघाला जीनो ऑरिएमा १९८५मध्ये मिळाले. १९९५पासून २०२५पर्यंत बारा विजेतेपदे, आणि २०१४ ते २०१७ या काळात सलग १११ विजय; वुडन यांच्या ८८ सामन्यांचा विक्रम ज्यांना अढळ वाटत होता, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. मात्र कसोटी एकच ठेवायची तर सांगायला हवे की २०१२मध्ये समिट आजारपणामुळे पायउतार झाल्यावर २०२५पर्यंत टेनेसीला शेवटच्या चारांत पोहोचता आलेले नाही, आणि ऑरिएमा यांच्यानंतरचे कनेक्टिकट कसे असेल हे भविष्याच्या पोटात आहे. डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायनाने २०१७, २०२२ आणि २०२४मध्ये विजेतेपदे मिळवली आहेत. २०२४चा मोसम तर ३८ विजय आणि शून्य पराभव असा होता. पुढच्या पिढीचे घराणे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते आहे.

प्रश्न : आता खेळाडूंना पैसे मिळतात आणि ते हवे तेव्हा विद्यापीठ बदलतात. मग परंपरेला काही अर्थ उरतो का?

उत्तर : आधी काय बदलले ते पाहू. जुलै २०२१पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देऊन कमाई करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एकदा विद्यापीठ बदलल्यास एक वर्ष बाहेर बसण्याची अट उठवली गेली. जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली असून, पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा ठरली. ज्यांच्या घामावर क्रीडागृहे भरत होती त्यांना मोबदला मिळतो, हे मला मनापासून योग्य वाटते. यापूर्वीही पैसा होताच, फक्त तो पडद्याआड होता. लुइव्हिलचे २०१३चे विजेतेपद नियमभंगामुळे २०१८मध्ये नोंदींतून पुसले गेले, आणि पुरुषांच्या गटात असे प्रथमच घडले. यूसीएलएचे १९८०चे उपविजेतेपदही असेच रद्द झाले आहे.

परंपरेचे काम आता बदलले आहे. नुसत्या नावावर मुले येत नाहीत, हे २०२५मध्ये फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून तिसरे विजेतेपद मिळवले तेव्हा दिसले; त्यांचा सर्वोत्तम खेळाडू वॉल्टर क्लेटन हा आयोना या छोट्या विद्यापीठातून तेथे आला होता. पण कनेक्टिकटच्या २०२४च्या संघातही ट्रिस्टन न्यूटन आणि कॅम स्पेन्सर हे दोघे दुसरीकडून आलेले होते, आणि ते तिथल्या शिस्तीत असे मिसळले की जणू पहिल्या वर्षापासून तेथेच शिकत होते. परक्याला एका उन्हाळ्यात आपल्या रीतीचा करून घेणे, हे जुन्या घराण्यांना अधिक जमायला हवे. नॉर्थ कॅरोलायनात डीन स्मिथ यांनी एक साधी सवय लावली होती: बास्केट झाली की गुण मिळवणाऱ्याने ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचे. ही सवय शिकायला चार वर्षे लागत नाहीत. २०१५मध्ये स्मिथ गेले, तेव्हा त्यांच्या इच्छापत्रानुसार त्यांच्या सुमारे १८० माजी खेळाडूंना प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश गेला आणि सोबत निरोप होता, बाहेर जेवायला जा, जेवण माझ्याकडून. त्यात मायकल जॉर्डनही होते आणि ज्यांची नावे कोणाला आठवणार नाहीत असे राखीव खेळाडूही होते, आणि रक्कम सर्वांना सारखीच होती.

प्रश्न : हे सगळे समजून घेण्यासाठी एखादा जुना सामना पाहायचा असेल तर कोणता पाहावा?

उत्तर : २८ मार्च १९९२, फिलाडेल्फिया, ड्यूक विरुद्ध केंटकी. शेवटच्या चारांत जाण्यासाठीचा सामना, जादा वेळ चालू, आणि केंटकीच्या शॉन वुड्सने चेंडू टाकून आपल्या संघाला १०३-१०२ असे पुढे नेलेले. उरले फक्त २.१ सेकंद. ड्यूकचा ग्रँट हिल आपल्या टोकाच्या रेषेमागे चेंडू घेऊन उभा राहतो. त्याच्यासमोर केंटकीने कोणालाही उभे केलेले नाही, हे नीट पाहा. तो चेंडू जवळजवळ पूर्ण मैदान ओलांडून फेकतो. ख्रिश्चन लेटनर बास्केटकडे पाठ करून फ्री थ्रोच्या, म्हणजे मोकळ्या फेकीच्या, रेषेजवळ तो उंच झेलतो, घाई न करता एकदा जमिनीवर आपटतो, वळतो आणि सोडतो. ड्यूक १०४, केंटकी १०३. त्या दिवशी लेटनरने मैदानातून दहा आणि फ्री थ्रोच्या रेषेवरून दहा वेळा चेंडू टाकला आणि वीसही वेळा तो आत गेला.

सामना संपल्यावरही टीव्ही बंद करू नका, केंटकीच्या चेहऱ्यांकडे पाहा. त्यांतले चौघे, वुड्स, जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहाउस आणि रिची फार्मर, शेवटच्या वर्षात होते. विद्यापीठाच्या नियमभंगामुळे १९९० आणि १९९१ अशी दोन वर्षे केंटकीला राष्ट्रीय स्पर्धा बंद होती आणि अनेक चांगले खेळाडू सोडून गेले होते, पण हे चौघे राहिले. त्यांनी विजेतेपद कधीच मिळवले नाही. शेवटच्या चारांतही ते पोहोचले नाहीत. लेक्सिंग्टनला परतल्यावर काही दिवसांतच रप अरिनामध्ये त्यांचा सत्कार झाला, आणि त्यांना कल्पना नसताना छताकडे मान वर करायला सांगण्यात आले. जिथे विजेतेपदांचे ध्वज लावलेले आहेत, तिथे या चौघांचे सदरे टांगलेले होते. ते आजही तिथेच आहेत.